पाण्यावरचं वर्तुळ कुणाचं? मासे किडे कसे टिपतात हे ओळखायला शिकताना

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांत माजी मालगुजारी तलाव, म्हणजे जुन्या मालगुजारांच्या (जमीनदारांच्या) काळातले तलाव, हजारांनी आहेत. धानाच्या बांध्यांना (खाचरांना) पाणी देणाऱ्या बोड्या, म्हणजे छोटी तळी, आणखी वेगळ्या. यांपैकी कुठल्याही पाण्यावर दिवस मावळताना वर्तुळं उमटत असतात. ‘मासे उसळून रायले’ म्हणून माणूस पुढे निघून जातो. थांबून पाहिलं तर कळतं की ही वर्तुळं एकसारखी नाहीत. काही पाण्यावर बसलेला किडा खाल्ल्याची असतात, काही पाण्याखालून वर येणारा किडा वाटेतच गिळल्याची, आणि काही खाण्याची नसतातच, मासा नुसता हवा घ्यायला आलेला असतो. हा फरक काठावर बसून, काहीही विकत न घेता शिकता येतो. गरी टाकायला शिकणाऱ्याला तो उपयोगी पडतो, शाळेच्या पोरांना तलावावर नेणाऱ्या गुरुजींनाही पडतो. बोडीत मत्स्यबीज सोडणाऱ्या शेतकऱ्याला तर तो यायलाच हवा, कारण त्याचं नुकसान टळणं बऱ्याचदा त्यावर अवलंबून असतं.

जागा आणि वेळ

सुरुवात मोठ्या तलावाच्या मधोमध नजर लावून करू नका. एखादी बोडी किंवा तलावाचा एक शांत कोपरा पुरे. काठावर अर्जुन, करंज किंवा जांभूळ पाण्यावर झुकलेलं असेल तर उत्तम. अशा झाडांवरून मुंग्या, अळ्या, भुंगेरे सारखे खाली पडतात आणि मासे त्या सावलीला सरावलेले असतात. वारा कुठून कुठे वाहतो तेही बघा. पाण्यावर पडलेले किडे वाऱ्याबरोबर सरकत समोरच्या काठाला जमा होतात, म्हणून वारा ज्या काठाला जाऊन धडकतो तिथे खाणारे मासे जास्त सापडतात. वारा जोराचा असेल तर मात्र लाटांत काही दिसणार नाही, तो दिवस सोडून द्या. बेशरमाच्या दाट झुडपांत मासे लपतात, पण पाहणाऱ्याला पाणीच दिसत नाही. त्यापेक्षा कमळाच्या किंवा शिंगाड्याच्या पानांची कड बरी. पानं जिथे संपतात आणि मोकळं पाणी सुरू होतं, नेमकी त्या रेषेवर गंमत असते.

वेळ म्हणाल तर सूर्यास्ताच्या आधीचा तास सर्वांत चांगला. सकाळीही चालतं, पण सकाळची वर्तुळं वाचताना एक मोठा धोका आहे, तो पुढे सांगतो.

दोन गोष्टी आधीच. बहुतेक तलावांतली मासेमारी मच्छीमार सहकारी संस्थांकडे ठेक्याने असते. नुसतं बघायला कोणी अडवत नाही, पण गरी टाकायची तर संस्थेच्या माणसांना विचारा. विचारायला गेलात की ढिवर (मासेमार) मंडळींशी बोलणं होतं आणि त्यांच्या अर्ध्या तासात जे कळतं ते पुस्तकांत सापडत नाही. दुसरी गोष्ट वाघाची. जंगलाला लागून असलेल्या तलावावर पहाटे किंवा तिन्हीसांजेला एकट्याने जाऊन वाकून बसणं हे ब्रह्मपुरी, सिंदेवाही, नवेगावच्या भागात शहाणपणाचं नाही. गावाजवळची बोडी निवडा, सोबत कोणीतरी न्या आणि अंधाराच्या आत उठा.

माशाला तुम्ही कसे दिसता

ही पायरी बहुतेक नवखे गाळतात, आणि मग ‘आमच्या तलावात मासेच वर येत नाहीत’ असं म्हणतात.

पाण्यात शिरताना प्रकाश वाकतो. त्यामुळे पाण्यातल्या माशाला वरचं सगळं जग डोक्यावरच्या एका गोल खिडकीतून दिसतं. या खिडकीचा कोन सुमारे ९७ अंशांचा असतो, आणि मासा जितका खोल असेल त्याच्या सव्वादोन पट तिचा व्यास. म्हणजे १ फूट खोलीवरच्या माशाची खिडकी साधारण सव्वादोन फूट रुंद. खिडकीच्या बाहेर पाण्याचा पृष्ठभाग त्याला आरसा होऊन दिसतो, आणि त्या आरशात तळाचं प्रतिबिंब असतं.

यातून दोन कामाच्या गोष्टी निघतात. पहिली तुमच्याविषयी. काठावरचा माणूस माशाला खिडकीच्या कडेला, दाबून बुटका झालेला दिसतो. तुम्ही जितके खाली आणि जितके लांब, तितके तुम्ही त्या कडेत चेपले जाता. पाण्याच्या पातळीपासून सुमारे १० अंशांच्या आत असलेली वस्तू त्याला जवळजवळ कळत नाही. बसलेल्या माणसाचं डोकं पाण्यापासून ३ फूट उंच धरलं, तर १७-१८ फूट मागे बसल्यावर हा हिशेब जमतो. म्हणून तलावाच्या पाळीवर उभं राहू नका. पाळीवरून आपल्याला पाणी छान दिसतं, पण आपणही माशाला तसेच छान दिसतो. सखल काठ बघा, झाडाच्या बुंध्याला टेकून बसा, सावली पाण्यावर पडू देऊ नका. आणि पाय आपटत चालू नका. जमिनीची थरथर पाण्यात पोचते.

दुसरी गोष्ट किड्याविषयी. पाण्यावर बसलेल्या किड्याचे पाय पृष्ठताणामुळे बुडत नाहीत, ते पाण्याला छोटे खळगे पाडतात. किडा खिडकीच्या बाहेर असला तरी आरशात हे खळगे माशाला चमकणारे ठिपके होऊन दिसतात. ते ठिपके जवळ येतात, मग किड्याचे पंख खिडकीच्या कडेवर डोकावतात आणि शेवटी सगळा किडा दिसतो. तोवर माशाने निर्णय घेतलेला असतो.

डोळ्यांवरच सगळं नाही. माशाच्या अंगावर आणि डोक्यावर पाण्याची हालचाल टिपणारी संवेदी इंद्रियं असतात. आपल्या देशातल्या अ‍ॅप्लोचिलस या छोट्या, वर तोंड असलेल्या माशावर शास्त्रज्ञांनी पुष्कळ अभ्यास केला आहे. पाण्यात पडून धडपडणाऱ्या किड्याच्या बारीक लाटांवरून तो किडा कोणत्या दिशेला आणि किती लांब आहे हे त्याला कळतं. म्हणूनच मेलेल्या मुंगीपेक्षा तडफडणारी मुंगी आधी जाते.

आधी किडे, मग मासे

काठावर पोचल्यावर लगेच वर्तुळं शोधू नका. पहिली पंधरा मिनिटं किड्यांना द्या. पाण्याच्या कडेला जमलेला फेस, काडीकचरा हाताने वर घ्या आणि पांढऱ्या रुमालावर पसरा. पंख, कात, मेलेले किडे, जे असेल ते सांगून जातं की आज पाण्यावर काय आहे.

किडे ढोबळमानाने दोन वाटांनी येतात. एक वाट वरून. झाडावरच्या लाल मुंग्या, गवतातले नाकतोडे, धानावरचे तुडतुडे, खोडकिड्याचे पतंग, हे जमिनीवरचे जीव चुकून पाण्यात पडतात आणि तिथे अगतिक होतात. धान कापणीला येतं तेव्हा बांध्यांतून उडणारे नाकतोडे बोडीत पडतात, आणि त्या दिवसांत मोठे मासेही काठाशी घुटमळतात.

दुसरी वाट खालून, आणि नवख्यांना तीच माहीत नसते. डासासारखे दिसणारे पण न चावणारे मिज नावाचे कीटक, मेफ्लाय, चतुर आणि टाचण्या (चतुरांचे बारीक भाऊबंद), या सगळ्यांचं बालपण पाण्यात जातं. मिजच्या काही जातींच्या लालभडक अळ्या गाळात राहतात. वाढ पूर्ण झाली की कोश तरंगत वर येतो, पृष्ठभागाला लटकतो, पाठ उलते आणि पंखवाला किडा बाहेर पडून क्षणभर आपल्याच सालीवर उभा राहतो. तो क्षण माशांना फार सोयीचा. मेफ्लायचं तर आणखी विलक्षण आहे. पंख फुटल्यानंतर पुन्हा एकदा कात टाकणारा हा एकच कीटकगण, आणि पूर्ण वाढलेल्या मेफ्लायला खाता येत नाही, त्याचं आयुष्य बहुधा तासांत किंवा एक-दोन दिवसांत मोजायचं. चतुर आणि टाचण्यांची पिल्लं मात्र काडीवर किंवा काठावर चढून कात टाकतात. ते माशाच्या तोंडी येतात ते बहुतेक अंडी घालताना पाण्याला शेपूट टेकवतात तेव्हा.

सगळेच किडे खाल्ले जात नाहीत, हेही बघून ठेवा. पाण्यावर गोल गोल फिरणारे काळे चकचकीत भुंगेरे उघड्यावर बिनधास्त नाचतात, कारण त्यांच्या अंगातून निघणारा द्रव माशांना नकोसा असतो. त्यांचा प्रत्येक डोळा दोन भागांत विभागलेला असतो, वरचा भाग हवेत बघतो, खालचा पाण्यात. हे भुंगेरे आणि लांब पायांवर सरकणारे पाणकिडे वर्तुळं पाडतात, ती माशांची समजू नका.

पाखरांची मदत घ्या. पाकोळ्या अगदी पाण्याला लागून येरझाऱ्या घालत असतील, काठच्या तारेवरून वेडे राघू सारखे झेपावत असतील, तर खालून किडे निघत आहेत असं धरून चाला. माशांची वर्तुळं मागोमाग येतात.

वर्तुळ वाचणं

आता पाण्याकडे बघा. एकाच वर्तुळावरून निष्कर्ष काढू नका. एकाच ठिकाणी किंवा एकाच रेषेत पुन्हा उमटतं का ते बघा.

लहान, मंद वर्तुळ आणि ‘चुक’ असा हलका आवाज: मासा पृष्ठभागावरचा किडा शोषून घेतो आहे. मासे बहुधा चावत नाहीत, शोषतात. तोंड आणि गालफडाची पोकळी एकदम फुगवली की पाणी आत खेचलं जातं, त्याबरोबर किडा जातो, आणि पाणी कल्ल्यांतून बाहेर पडतं. पृष्ठभागावर असं करताना थोडी हवाही तोंडात जाते आणि ती परत सोडल्यावर वर्तुळाच्या मध्ये एखाद-दोन बुडबुडे राहतात. हा बुडबुडा फार कामाचा पुरावा आहे. वर्तुळात बुडबुडा दिसला तर किडा वर होता. नाही दिसला, नुसतं पाणी फुगून बसलं, पाठ किंवा शेपटाचं टोक क्षणभर दिसून गेलं, तर मासा पृष्ठभागाच्या खाली, वर येणारे कोश खातो आहे. अशा वेळी पाण्यावर एकही किडा दिसत नाही आणि तरी मासे उसळत असतात. नवखा माणूस गोंधळतो तो इथेच.

पाणी उडवत झालेली झडप म्हणजे पळू शकणारं भक्ष्य. उडायच्या तयारीतला पतंग, अंडी घालणारी टाचणी, नाकतोडा. जो किडा पळणार नाही त्याच्यासाठी मासा ताकद वाया घालवत नाही. आणि कमळाच्या पानाजवळ गदकन मोठा आवाज होऊन पानं हलली, तर तो बहुधा मरळ. तो पानाखाली दबा धरून असतो आणि चतुर, बेडूक, लहान मासे यांच्यावर झेप घेतो.

पावसाच्या थेंबांसारखे शेकडो बारीक ठिपके एका जागी दिसले तर ती पिल्लं किंवा काडीएवढे छोटे मासे. तळातून ओळीने बुडबुडेच येत राहिले तर ते गाळात कुजणाऱ्या पाल्याचे असू शकतात, तिथे मासा असेलच असं नाही.

तोंड पाहून मासा ओळखा

संस्थेचं जाळं काढतात त्या दिवशी जा आणि प्रत्येक माशाचं तोंड कोणीकडे वळलं आहे तेवढंच बघा. तोंड वर वळलेलं, पाठ सपाट आणि पाठीचा पर मागे सरकलेला असेल तर तो मासा पृष्ठभागाशी खाण्यासाठीच घडलेला. तोंड सरळ पुढे असेल तर मधल्या पाण्यातला, संधी मिळेल तसं वर-खाली खाणारा. तोंड खाली असेल तर तळाचा.

तलावांत बीज सोडतात ते कटला, रोहू, मृगळ. यांपैकी कटल्याचं तोंड वर वळलेलं असतं आणि तो वरच्या थरात राहतो, पण त्याचं मुख्य खाणं पाण्यात तरंगणारे सूक्ष्म प्राणी. रोहू मधल्या थरातला, मृगळ तळाचा. म्हणजे संध्याकाळी दिसणारी बहुतेक किडेखाऊ वर्तुळं या विकाऊ माशांची नसून बाजारात ‘बारीक मासे’ म्हणून वाट्याने विकल्या जाणाऱ्या गावरान माशांची असतात. अंगावर काळी आडवी रेघ असलेला रासबोरा, चांदीच्या पातळ पट्टीसारखा साल्मोस्टोमा, लांब मिशांचा इसोमस, सुईसारख्या चोचीचा झेनेन्टोडॉन, असे हे मासे. गावोगावी यांची नावं बदलतात, तुमच्या गावचं नाव ढिवरांना विचारून वहीत लिहा. डासांच्या अळ्या, तुडतुडे, मिज यांचा रोजचा फडशा हेच पाडतात. यांना कचरा मासे समजून तलावातून संपवायला निघालेले लोक भेटतात, त्यांच्याशी मी भांडतो.

गप्पी आणि गॅम्बुसिया हे परदेशी मासे डासांसाठी टाक्यांत, हौदांत सोडतात ते ठीक. तलावात किंवा नाल्यात ते सोडू नका. ते दुसऱ्या माशांची अंडी आणि पिल्लंही खातात.

खातो की दम घेतो?

या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा. काठावर बसलेला जाणता ढिवर चटकन सांगतो, “भाऊ, तो खाऊन नाही रायला, दम घेऊन रायला.”

मरळ, शिंगी, मागूर या माशांना हवेतला प्राणवायू घेण्यासाठी खास अवयव असतात. मरळ तर हवा घ्यायला वर आलाच पाहिजे, त्याला खाली अडकवून ठेवलं तर पाण्यात असूनही तो गुदमरतो. हा मासा सावकाश वर येतो, तोंड टेकवतो, वळतो, खाली जातो, आणि काही वेळाने साधारण त्याच भागात पुन्हा येतो. आसपास किडा नसतो. हे त्याचं नेहमीचं जगणं आहे, काळजीचं कारण नाही. पावसाळ्यात लालसर-नारिंगी पिल्लांचा झुबका एकदम वर येऊन पाणी खदखदल्यासारखं दिसलं तर ती मरळची पिल्लं, आणि त्यांच्या खाली आईबाप राखणीला असतात. तिथे गरी टाकू नका. राखणारा मासा काढला की पिल्लं दुसऱ्यांच्या पोटात जातात.

पण रोहू, कटला, मृगळ यांच्याकडे हवा घेण्याची ही सोय नाही. ते पहाटे पृष्ठभागाशी येऊन तोंडं उघडमीट करत असतील, जागेवरच तरंगत असतील आणि टाळी वाजवली तरी पळत नसतील, तर पाण्यातला प्राणवायू संपत आला आहे. पाणवनस्पती आणि शेवाळ दिवसा प्राणवायू तयार करतात आणि रात्री सगळ्यांसारखाच खर्च करतात, म्हणून सूर्योदयाच्या जरा आधी तो सगळ्यात कमी असतो. ढगाळ दिवसानंतर, उन्हाळ्यात पाणी आटल्यावर, किंवा शेण-खत जास्त पडल्यावर हा प्रसंग येतो. खाणारा मासा वर्तुळ पाडून निघून जातो. गुदमरणारा वरच राहतो. फरक दिसला की वाट बघू नका. मोटर लावून पाणी उंचावरून परत त्याच बोडीत पाडा, ताजं पाणी सोडता येत असेल तर सोडा, त्या दिवशी खाद्य आणि शेण टाकणं बंद ठेवा. तलाव संस्थेचा असेल तर लगेच जाऊन सांगा. पहाटेचे एक-दोन तास निर्णायक असतात.

वाहत्या पाण्यात

मेळघाटातल्या सिपना, गडगा यांसारख्या नद्यांवर किंवा गावच्या नाल्यावर हेच पाहायचं असेल तर एक बदल लक्षात ठेवा. तिथे मासा प्रवाहाकडे तोंड करून एका जागी थांबतो आणि खाणं त्याच्याकडे वाहत येतं. किडा दिसल्यावर तो त्याच्याबरोबर थोडा मागे वाहत जातो, मग टिपतो आणि परत जागेवर येतो. वर्तुळही वाहत खाली जातं. म्हणून माशाची खरी जागा वर्तुळ दिसतं त्याच्या वरच्या अंगाला असते. तुम्ही खालच्या अंगाने, त्याच्या पाठीमागून जा. अभयारण्याच्या आत वनविभागाच्या परवानगीशिवाय पाण्यात उतरणं, मासे धरणं हा गुन्हा आहे.

करून पाहा

झाडाखालच्या जागेवर मासे वर येत आहेत असं दिसलं की एक जिवंत मुंगी आणि तेवढाच वाळक्या पानाचा तुकडा एकाच वेळी, हातभर अंतरावर पाण्यावर टाका. मुरमुरे किंवा पीठ टाकू नका, त्याने मासे वासाला जमतात आणि त्यांचं नैसर्गिक वागणं बघायला मिळत नाही. कोणाकडे आधी जातात, पान तोंडात घेऊन थुंकतात का, हे बघा. मग मेलेली मुंगी टाका. शाळेच्या मुलांना हा प्रयोग फार आवडतो आणि पाण्याच्या लाटा माशाला ‘ऐकू’ येतात हे त्यांना समजावून सांगावं लागत नाही.

वहीत चार रकाने पुरतात: वेळ आणि ढग-वारा, रुमालावर सापडलेले किडे, वर्तुळाचा प्रकार, बुडबुडा होता की नव्हता. दुर्बीण असेल तर न्या. पाण्यावरची चमक कापणारा पोलरॉइड चष्मा मिळाला तर वर्तुळाच्या खालचा मासाही दिसू लागतो.

पहिल्या पावसानंतर

वर्षातली एक संध्याकाळ चुकवू नका. जूनमध्ये पहिला जोराचा पाऊस पडून उघडीप झाली की जमिनीतून पंखवाल्या वाळव्या निघतात. दिव्यावर येतात, पंख टाकतात, आणि पाण्याजवळच्या वारुळांतून निघालेल्या सरळ पाण्यात पडतात. त्या वेळी एरवी वर न येणारे मासेही वर येतात, आणि अंगणातली कोंबडी, तारेवरचा कोतवाल आणि बोडीतला मासा एकाच जेवणावर असतात. दुसऱ्या दिवशी सकाळी पाण्याच्या कडेला गळलेल्या पंखांची रेघ दिसेल. तीही वहीत नोंदवा.

रोवणीनंतर (धानाची लावणी झाल्यावर), फवारणीच्या दिवसांत, एक गोष्ट जास्त लक्ष देऊन बघा. सायपरमेथ्रिनसारखी सिंथेटिक पायरेथ्रॉइड औषधं माशांना अतिशय विषारी असतात. बांधीतलं पाणी फवारणीनंतर लगेच बोडीत उतरलं, किंवा फवारणीचा पंप बोडीत धुतला, तर पाण्यावर तडफडणाऱ्या किड्यांची अचानक गर्दी होते, मासे आधी त्यांच्यावर तुटून पडतात आणि नंतर स्वतःच भिरभिरत, कलंडत वर येऊ लागतात. असं दिसलं तर ते मासे खाऊ नका आणि गुरांनाही त्या पाण्यावर नेऊ नका. पाणी कुठून उतरलं ती वाट मातीने बंद करा, आणि संस्थेला आणि ज्याची बांधी आहे त्यालाही त्याच दिवशी सांगा.